‘माझी नोंद’ कोरी का राहिली?

महाराष्ट्र शासनाने 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पाने जोडली होती, हे आमच्या पालक-वाचकांना स्मरत असेल. शिक्षक शिकवीत असताना जे महत्त्वाचे वाटेल ते विद्यार्थ्याने ‘माझी नोंद’ म्हणून तेथेच टिपून ठेवावे आणि वेगळ्या वह्यांचे ओझे दप्तरातून कमी व्हावे, असा हेतू त्यामागे होता. 2025 च्या जानेवारीअखेरीस शासनाने ही योजना मागे घेतली. मुले वह्या आणीतच राहिली आणि पानांचा वापर ठरल्याप्रमाणे होत नाही, असे आढळून आले. वर्तमानपत्रांतून त्या वेळी चर्चा झाली ती कागदाच्या खर्चाची आणि दप्तराच्या वजनाची. आम्हांस मात्र त्या कोऱ्या पानांनी वेगळाच प्रश्न विचारला. नोंद करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हे आपल्या मुलांना कोणी शिकविले होते काय?

हा प्रश्न शासनाकडे बोट दाखवून संपणारा नाही. आपल्या धर्मग्रामांत रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात काय चालते ते पाहिले म्हणजे आपलीही पाटी कोरीच आहे, हे मान्य करावे लागते. एका धर्मग्रामात दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी दर रविवारच्या प्रवचनाचा गोषवारा वहीत लिहून त्यावर धर्मगुरूंची सही घ्यावी, असा नियम आहे. नियम चांगला आहे आणि जुनाही आहे. तेथे पाहुणे म्हणून आम्ही एका रविवारी मिस्सा अर्पण केली व मिस्सेनंतर वह्या आमच्यापुढे आल्या. एका मुलाचा गोषवारा वाचून आम्ही थक्क झालो. भाषा निर्दोष, तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला उपशीर्षक. अडचण एवढीच होती की त्या तीनपैकी एकही मुद्दा आमच्या प्रवचनात नव्हता. त्या दिवसाचे शुभवर्तमान मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेला देऊन त्याने गोषवारा तयार करून घेतला होता. आमच्या प्रवचनापेक्षा तो बरा होता, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. शेजारच्या मुलीच्या वहीत दोनच ओळी होत्या आणि त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. पण त्या दोन ओळी आम्ही बोललो त्यातल्या होत्या, आणि त्यांच्याखाली तिने एक प्रश्नही लिहिला होता. आम्ही सही दोघांच्याही वहीत केली. मुलाच्या वहीत ती का केली, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप देता आलेले नाही.

या मुलाला अप्रामाणिक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याने जे केले ते आपणच त्याला वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. चौथी-पाचवीपासून आपली मुले फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवून घेतात, गाईडमधले उत्तर पाठ करतात आणि प्रकल्पाच्या नावाखाली संकेतस्थळावरील मजकूर छापून रंगीत कागदावर चिकटवितात. प्रश्नपत्रिकेत ‘तुमच्या शब्दांत लिहा’ असा प्रश्न असतो आणि त्याचेही उत्तर गाईडमध्ये दिलेले असते! दुसऱ्याचे शब्द सुवाच्य अक्षरांत पोहोचविले की गुण मिळतात, हा धडा मुलाने पक्का केला. यंत्राने त्याचे फक्त हस्ताक्षराचे श्रम वाचविले.

यंत्र मुलांच्या हातात किती पोहोचले आहे, याचा अंदाज ‘असर’ या ग्रामीण भारताच्या 2024 च्या पाहणीवरून यावा. 14 ते 16 वर्षे वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांहून अधिक मुलांनी आपणांस स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासंबंधी कामाकरिता तो वापरणारे 57 टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76 टक्के. त्याच पाहणीत, पाचवीच्या वर्गातील जेमतेम निम्मी मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात, असेही दिसले. वाचता न येणाऱ्या मुलाच्या हातात त्याच्या वतीने लिहिणारे साधन आले आहे. वसई-पालघरच्या पट्ट्यात शाळा भरपूर आहेत, आपल्या धर्मभगिनींनी व धर्मगुरूंनी उभारलेल्या शाळांची परंपरा मोठी आहे. तरी आपली मुले या चित्राबाहेर आहेत, असे समजण्याचे कारण नाही.

व्हॅटिकनने 28 जानेवारी 2025 रोजी, संत थॉमस अक्वायनस यांच्या सणाच्या दिवशी, ‘अँटिक्वा एत नोवा’ हा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात शिक्षणावर स्वतंत्र विवेचन आहे. अनेक यंत्रप्रणाली विद्यार्थ्याला उत्तरापर्यंत पोहोचण्यास किंवा स्वतः लिहिण्यास प्रवृत्त न करता तयार उत्तर हाती देतात आणि त्यामुळे चिकित्सक विचारशक्ती दुबळी होऊ शकते, अशी काळजी तेथे व्यक्त झाली आहे. पोप लिओ चौदावे यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे जमलेल्या कॅथलिक युवकांशी दूरसंपर्काद्वारे संवाद साधला, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा आशय असाच होता: हे साधन उद्या नाहीसे झाले तरी तुम्हांला विचार करता आला पाहिजे, अशा बेताने ते वापरा. हा उपदेश योग्यच आहे. पण तो अमलात आणण्याचा वर्ग कोणता, तास कोणता आणि पहिली पायरी कोणती? आमच्या मते ती पायरी टिपण काढणे आणि ऐकलेले-वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगणे हीच आहे.

आपल्या भाषेत ‘टिपणे’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पाखरू दाणे टिपते आणि टीपकागद शाई टिपतो. टीपकागद समोर येईल ते सारे शोषून घेतो आणि त्याच्यावर उमटते ते उलटे, न वाचता येणारे अक्षर. पाखराला मात्र खड्यातून दाणा निवडावा लागतो. आपल्या वर्गात आपण टीपकागद तयार करीत आहोत.

हातात लेखणी असली की हे आपोआप टळते, असेही नव्हे. 2014 साली अमेरिकेतील म्युलर व ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञांनी, लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यात्याचे शब्द जसेच्या तसे अधिक उतरवितात आणि संकल्पनांवरील प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडतात, असा निष्कर्ष मांडला. तो जगभर गाजला. 2021 मध्ये अन्य संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा जसेच्या तसे उतरविण्याची सवय पुन्हा दिसली, परंतु गुणांमधील फरक ठामपणे दिसला नाही. तेव्हा कागद की पडदा यावर पालकसभेत हातघाईवर येण्याची गरज नाही. निवडले किती आणि आपलेसे केले किती, हे तपासावे. वहीतही शब्दशः नक्कल करणारी मुले आपण रोज पाहतो.

यावर आमच्या ज्येष्ठ धर्मशिक्षकांचा एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो गंभीर आहे. ते म्हणतात, “फादर, आमच्या पिढीने प्रश्नोत्तरे घोकली, म्हणून आजही आम्हांला दहा आज्ञा आणि सात संस्कार तोंडपाठ आहेत. तुम्ही मुलांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावाल, तर श्रद्धेचे सूत्रच हातातून निसटेल.” पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 च्या ‘कातेकेसी त्रादेंदे’ या प्रबोधनपत्रात पाठांतराची बाजू स्पष्टपणे घेतली आहे, स्मरणाला अजिबात स्थान नसलेल्या धर्मशिक्षणातून श्रद्धा फुलत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. आम्हीही त्याच मताचे आहोत. प्रेषितांचा विश्वासांगीकार मुलाने आपल्या शब्दांत नव्याने रचावा, असे कोणी म्हणत नाही. विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, आज्ञा ही पाठच हवीत, आणि अक्षरशः पाठ हवीत. परंतु जे पाठ केले त्याचा अर्थ काय, हे विचारल्यावर मूल पुन्हा तीच वाक्ये म्हणू लागले, तर पाठांतराने आपले अर्धेच काम केले आहे.

ख्रिस्तसभेने स्वतः हे दोन्ही केले आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ’ या महाग्रंथात 2,865 परिच्छेद आहेत आणि विषयाच्या शेवटी त्याचा सार देणारी छोटी वाक्ये आहेत. पुढे 2005 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याच ग्रंथाचा 598 प्रश्नोत्तरांचा संक्षेप प्रकाशित केला. म्हणजे मूळ ग्रंथ, त्यावरचे टिपण आणि त्या टिपणाचेही टिपण! शुभवर्तमानाच्या उगमाशी गेलो तरी हेच दिसते. संत मार्क हे पेत्राचे दुभाषी होते व पेत्राने सांगितलेले जे स्मरणात राहिले ते त्यांनी, क्रम तोच नसला तरी, काळजीपूर्वक लिहून ठेवले, असे दुसऱ्या शतकातील पापियास यांचे म्हणणे इतिहासकार युसेबियस यांनी नोंदविले आहे. संत थॉमस अक्वायनस यांचे योहानकृत शुभवर्तमानावरील भाष्य आपल्या हाती आले ते त्यांचे सोबती रेजिनाल्ड यांनी व्याख्यानांची टिपणे घेतली म्हणून.

आणि आपल्या मराठीचे काय सांगावे? फादर थॉमस स्टीफन्स हे 1579 साली गोव्यात आले. जन्माने इंग्रज असलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने पवित्र शास्त्रातील कथा सुमारे 11,000 ओव्यांत मराठीतून सांगितली आणि 1616 मध्ये रायतूर येथे ते ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. प्रश्न विचारणारे श्रोते आणि उत्तर देणारे पाद्री-गुरू, अशी त्याची चौकट आहे. येथल्या लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती, ओवीची लय त्यांच्या कानात होती, हे ओळखून त्यांनी बायबलचा आशय त्या लयीत नव्याने मांडला. आमच्या वसईचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’साठी जी अनेक वर्षे खर्ची घातली, त्यामागेही हीच धडपड होती. साहित्य अकादमीच्या पुरस्काराने तिची नोंद घेतली. अशा परंपरेच्या वारसांना प्रवचनाच्या दोन ओळी यंत्राकडून लिहून घ्याव्या लागाव्यात, ही आमच्या मनाला लागणारी गोष्ट आहे.

शिकवावे कसे, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण धर्मशिक्षकांची मागणी नेहमी तीच असते. लहान मुलांना लेखणी देण्याची घाई करू नये. दुसरी-तिसरीच्या मुलाला गोष्ट सांगावी आणि शेजारच्याला ती सांगावयास लावावी. चित्र काढले तरी ते टिपणच. चौथी-पाचवीपासून एका उताऱ्यातून पाचच शब्द निवडण्यास सांगावे. पाच म्हणजे पाच. सहावा शब्द घ्यायचा तर आधीचा एक सोडावा लागेल, ही अट घातली की वर्गात वाद सुरू होतो आणि तो वाद हाच खरा धडा असतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातून ‘डुकरे’ हा शब्द ठेवावा की ‘अंगठी’, यावर दहा वर्षांची मुले किती जोरात भांडू शकतात, याचा आम्ही अनुभव घेतला आहे. सातवी-आठवीपासून पानाची विभागणी शिकवावी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी 1950 च्या दशकात रूढ केलेली पद्धत साधी आहे: उजवीकडे रुंद भागात वर्गात घेतलेली नोंद, डावीकडे अरुंद समासात नंतर सुचलेले प्रश्न व खुणेचे शब्द, आणि तळाशी दोन-तीन वाक्यांत सार. उजवा भाग झाकून डावीकडचे प्रश्न पाहत उत्तरे आठवावयाची. त्याला ना वीज लागते ना इंटरनेट. पट्टीने दोन रेघा ओढल्या की झाले.

स्वतःच्या शब्दांत मांडणे हे याहून कठीण आहे आणि येथे शिक्षकच बहुधा फसतात. समानार्थी शब्दांची अदलाबदल म्हणजे आपले शब्द, असा समज सर्वत्र आहे. एक वाक्य घेऊ: ‘पाण्याच्या बेसुमार उपशामुळे किनारपट्टीतील विहिरी मचूळ होत गेल्या.’ एका मुलाने लिहिले, ‘जलाच्या अमर्याद उपशामुळे समुद्रकाठचे कूप खारट बनत गेले.’ शब्द बहुतेक सारे बदलले, वाक्य तेच राहिले आणि या मुलाला मचूळ म्हणजे काय ते कळले की नाही हे समजण्यास मार्ग नाही. दुसऱ्याने लिहिले, ‘आमच्या आजोबांच्या वाडीतल्या विहिरीचे पाणी आधी गोडे होते. सगळ्यांनी फार पाणी खेचले आणि टँकर भरले, म्हणून ते आता तोंडात धरवत नाही.’ याला नक्कीच समजले आहे. मात्र मूळ वाक्यात आजोबा नाहीत आणि टँकरही नाही. म्हणून शिक्षकाने शाबासकी देऊन थांबू नये, “टँकर कुठून आला रे बाळ? लेखकाने म्हटले की तू पाहिलेस?” असे विचारावे. लेखक काय म्हणतो आणि मी काय म्हणतो, यांतील सीमारेषा मुलाला त्याच क्षणी दिसते. आमच्या मते नक्कल हा विषय सातव्या आज्ञेखाली शिकविण्यापेक्षा आठव्या आज्ञेखाली शिकवावा. शब्द चोरले यापेक्षा, हे माझे आहे असे खोटे सांगितले, हा दोष मुलाला लवकर पटतो. पुढे महाविद्यालयात गेल्यावर हेच कायद्याच्या भाषेत समोर येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात 60 टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळल्यास संशोधकाची नोंदणीच रद्द होऊ शकते.

कृती म्हणाल तर उतारा दोनदा वाचावा, पुस्तक मिटावे, शेजाऱ्याला तोंडी सांगावे, मग लिहावे आणि शेवटी पुस्तक उघडून ताडून पाहावे. पुस्तक मिटण्याची पायरी वगळली की सारे फसते. आम्ही सेमिनरीत शिकत असताना एका प्राध्यापकांचा असा शिरस्ता होता की तासाची शेवटची दहा मिनिटे वह्या बंद. कोणा एकाला उभे करून ते सांगत, “आता हे आपल्या आईला समजावून सांगा.” ईश्वरविद्येतील जड लॅटिन संज्ञा आईला वाडवळीत किंवा कादोडीत सांगताना आमची जी त्रेधा उडे, तिच्यामुळेच त्या संज्ञा आज ध्यानात आहेत.

येथे भाषेचा प्रश्न येतोच. आपली बहुसंख्य मुले इंग्रजी माध्यमात जातात, प्रवचन मराठीतून ऐकतात आणि घरी बोलीत बोलतात. मराठीतून ऐकलेले इंग्रजीत लिहावे तर शब्द अपुरे, मराठीत लिहावे तर अक्षरे अडखळतात. अशा मुलाने बोलीत टिपण केले, दोन शब्द इंग्रजी घातले, तर धर्मशिक्षकाने लाल शाई उचलू नये. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार करते. त्याची अंमलबजावणी शाळांत व्हावयाची तेव्हा होवो. रविवारच्या वर्गाला कोणत्याही मंडळाची परीक्षा नाही, म्हणून तेथे ही मोकळीक आजही देता येते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते संत लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायामुळे, हेही सांगून टाकतो. शास्त्री प्रभू येशूला चिरंतन जीवनाविषयी विचारतो. प्रभू उलट दोन प्रश्न करतो: नियमशास्त्रात काय लिहिले आहे, आणि तुला त्यातून काय वाचावयास मिळते? पहिल्याचे उत्तर पाठांतराने येते. अनुवाद आणि लेवीय या दोन वेगळ्या पुस्तकांतील आज्ञा एकत्र गुंफून शास्त्री चांगले उत्तर देतो. मग प्रभू चांगल्या शोमरोनीची गोष्ट सांगतो आणि शेवटी पुन्हा त्यालाच विचारतो की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला. शास्त्री ‘शोमरोनी’ हा शब्द तोंडातून काढीत नाही. ज्याने दया केली तो, असे तो म्हणतो. आम्ही हा प्रसंग आठवीच्या वर्गात घेतला, तेव्हा निम्म्या मुलांच्या मते त्याला गोष्टीचा गाभा नेमका कळला होता, म्हणून त्याने जातीऐवजी कृतीचे नाव घेतले. उरलेल्यांच्या मते त्याला शोमरोनी माणसाचे नाव घेणे जड जात होते, म्हणून त्याने ते टाळले. दोन्ही वाचनांना आधार आहे. त्याने गाईडमधले उत्तर दिले असते, तर दोहोंपैकी काहीच आपणांस कळले नसते.

अडचणी आम्ही जाणतो. आपले धर्मशिक्षक मानधनाची अपेक्षा न ठेवता आठवडाभराची नोकरी करून रविवारी येतात, वर्गात पन्नास-साठ मुले असतात आणि तास पाऊण तासाचा असतो. साठ वह्या घरी नेऊन तपासणे त्यांना शक्य नाही. त्यांनी तसे करूही नये. दर रविवारी पाच मुलांनी आपले टिपण वाचून दाखवावे व उरलेल्यांनी त्यात काय राहिले ते सांगावे. तीन महिन्यांत प्रत्येकाची पाळी येऊन जाते. धर्मगुरूंनी सही करण्यापूर्वी एकच प्रश्न तोंडी विचारावा, तोही लिहिलेल्यातलाच. रांग लांबते, हे खरे. त्यानंतरच्या रविवारी तो तीन मुद्द्यांचा मुलगा पुन्हा आमच्यापुढे आला. वहीत या वेळी एकच वाक्य होते आणि तेही खोडून पुन्हा लिहिलेले. आम्ही त्याचा अर्थ विचारला. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “फादर, तुम्ही जे शेवटी सांगितले ना, ते मला पटले नाही. पण लिहायचे कसे ते कळेना.” त्याच्यामागे अजून तीसेक मुले उभी होती. आम्ही त्याला बाजूच्या बाकावर बसण्यास सांगितले.